पूजा नेमकी कुठे झाली?

कराडहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्या निवृत्त शिक्षिका आहेत. पत्र मोठे आहे, त्यातला मुख्य भाग असा :

"आमच्या शेजारी एक ख्रिस्ती कुटुंब राहते. तीस वर्षांचा घरोबा आहे. दिवाळीचा फराळ त्यांच्याकडे जातो, नाताळच्या करंज्या आमच्याकडे येतात. तरी त्यांच्या चर्चमध्ये मी कधी गेले नव्हते. गेल्या महिन्यात त्यांच्या नातीच्या बाप्तिस्म्यासाठी म्हणून रविवारी गेले. पेटी-तबल्यावर गाणी झाली, त्यातली दोन तर मला अभंगासारखीच वाटली. शास्त्रवाचन झाले. पाळकांनी अर्धा तास प्रवचन केले. बाळाच्या डोक्यावर पाणी घातले. दानाची थैली फिरली. मग सगळ्यांनी पावाचा तुकडा आणि द्राक्षरस घेतला, मला मात्र कोणी विचारले नाही. शेवटी आशीर्वाद झाला आणि सगळे उठले. मूर्ती नाही, अभिषेक नाही, नैवेद्य नाही, आरती नाही. शेजारणीला विचारायचा संकोच वाटला, म्हणून तुम्हाला विचारते. त्या दीड तासात देवाची पूजा नेमकी कुठे झाली?"

याला जोडून त्यांनी आणखीही काही प्रश्न विचारले आहेत. एकेक करून घेतो.

प्रश्न : मूर्ती नाही, नैवेद्य नाही. मग पूजा कुठे झाली?

उत्तर : ताई, आम्ही लहानपणापासून त्याच बाकांवर बसत आलेली माणसे. हा प्रश्न आम्हाला पडतच नाही, आणि पडत नाही म्हणून त्याचे उत्तरही चटकन देता येत नाही. तुम्ही तो सरळ विचारलात, याचा आनंद वाटला.

पूजेत देवाला काहीतरी वाहायचे असते, आणि तेच तुम्ही त्या दीड तासात शोधत होता. तुमचे शोधणे बरोबर होते. वाहिलेही गेले, पण जे वाहिले ते ताटात नव्हते, बाकांवर बसले होते. नव्या करारात रोमकरांस पत्र आहे. त्यात पौल सांगतो की आपली शरीरेच देवाला जिवंत बळी म्हणून द्यावीत, उपासना म्हणतात ती हीच. त्याच्या वाचकांना बळी म्हणजे काय हे पक्के ठाऊक होते. यरुशलेमच्या मंदिरात रोज सकाळी एक आणि संध्याकाळी एक कोकरू वेदीवर चढत असे. रोममध्ये तर देवळोदेवळी वेद्या होत्या. बळी गेलेला प्राणी परत येत नाही, हे पोरासोरांनाही माहीत होते. अशा लोकांना पौल 'जिवंत बळी' म्हणतो. वेदीवरून उठून घरी जाणारा, दुसऱ्या दिवशी कामावर हजर होणारा, आणि तरीही वाहिलेलाच राहणारा बळी.

नैवेद्य नसण्याचे कारण त्याहूनही जुने आहे. स्तोत्रसंहितेतल्या ५०व्या स्तोत्रात देव बजावतो की रानातले सगळे प्राणी त्याचेच आहेत, त्याला भूक लागलीच तर ती माणसाच्या कानावर घालण्याची त्याला गरज नाही. चर्चमध्ये जे जेवण मांडलेले तुम्ही पाहिलेत, त्यात यजमान देव आहे आणि पाहुणे आपण.

आता शब्दांकडे पाहू. मराठी ख्रिस्ती माणूस पूजा हा शब्द सहसा वापरत नाही, तो उपासना म्हणतो. उपासना म्हणजे जवळ बसणे. बायबलच्या मूळ भाषांत यासाठी दोन प्रकारचे शब्द आहेत. एका शब्दाचा अर्थ जमिनीपर्यंत वाकणे, लोटांगण घालणे. दुसरा हिब्रू शब्द आहे 'अवोदा'. मंदिरातली सेवा म्हणजे अवोदा, आणि शेतातली मेहनत म्हणजेही अवोदा. इस्राएली लोक मिसर देशात फारोसाठी विटा पाडत होते, त्या वेठबिगारीलाही हाच शब्द आहे. म्हणून त्यांच्या सुटकेच्या कथेत प्रश्न एवढाच उरतो की हे कष्ट यापुढे कोणाच्या चाकरीत जायचे.

हा शब्द जगून दाखवणारी बाई आपल्याच मातीतली आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये विधवांना आणि दुष्काळात निराधार झालेल्या मुलींना आसरा दिला. तिथे प्रार्थना होत असे, शेती होत असे, विणकाम होत असे, छापखाना चालत असे. संस्कृतच्या या पंडितेने हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतले आणि आयुष्याची शेवटची कितीतरी वर्षे बायबलच्या मराठी भाषांतरावर घालवली. १९२२ साली त्या गेल्या, आणि दोन वर्षांनी, १९२४ मध्ये, ते बायबल प्रसिद्ध झाले. त्यांची प्रार्थना कुठे संपत होती आणि काम कुठे सुरू होत होते, हे वेगळे काढता येत नाही. अवोदा म्हणतात ती हीच.

प्रश्न : बाहेरून पाहणाऱ्याला हे कळायचे कसे?

उत्तर : तुमच्याआधी एका माणसाला हाच प्रश्न पडला होता. तो होता रोमन अधिकारी प्लिनी. इ.स. ११२च्या सुमारास तो आजच्या तुर्कस्तानातल्या बिथिनिया प्रांताचा कारभार पाहत होता. ख्रिस्ती लोकांविरुद्ध त्याच्याकडे तक्रारी येऊ लागल्या. हे लोक काय करतात ते त्याला कळेना. देवळांत येत नाहीत, बादशहाच्या प्रतिमेपुढे धूप जाळत नाहीत. त्याने चौकशी केली. मंडळीत सेवा करणाऱ्या दोन दासींचा छळ करून त्यांना बोलते केले. मग सम्राट ट्राजनला पत्र लिहिले, आणि सुदैवाने ते पत्र टिकले.

त्याला जे कळले ते थोडे आहे. हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात. ख्रिस्ताला देव मानून त्याला उद्देशून आळीपाळीने गीत म्हणतात. आणि शपथ घेतात. ही शपथ कटाची असेल असा त्याला संशय होता. ती निघाली चोरी न करण्याची, व्यभिचार न करण्याची, दिलेला शब्द न मोडण्याची आणि कोणी विश्वासाने ठेवलेली ठेव मागायला आला तर ती नाकारणार नाही याची. त्यानंतर ते पांगतात आणि पुन्हा एकत्र येऊन साधे अन्न खातात.

ख्रिस्ती उपासनेचे बाहेरच्या माणसाने केलेले हे सर्वांत जुने वर्णन मानले जाते. लिहिणारा मित्र नव्हता, त्याने यातल्या काहींना मृत्युदंडही दिला. त्या साध्या जेवणाखेरीज त्याला दिसल्या त्या दोनच गोष्टी : एक गाणे, आणि प्रामाणिक वागण्याची शपथ. गाणे देवाला, शपथ शेजाऱ्याच्या ठेवीची. तुमच्या शेजारणीच्या चर्चमध्येही हेच दोन धागे होते.

प्रश्न : त्या दीड तासाला काही क्रम असतो का?

उत्तर : असतो, आणि तो फार जुना आहे. इ.स. १५५च्या सुमारास रोममध्ये जस्टिन नावाचा तत्त्वज्ञ राहत होता. पुढे तो हुतात्मा झाला. ख्रिस्ती लोक रविवारी काय करतात हे त्याने बादशहाला उद्देशून लिहून ठेवले आहे. गावातले आणि शिवारातले सगळे एका ठिकाणी जमतात. प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे ग्रंथ, वेळ असेल तितके वाचले जातात. मग प्रमुख बोलतो, ऐकलेले आचरणात आणा म्हणून सांगतो. सगळे उभे राहून प्रार्थना करतात. भाकर, द्राक्षारस आणि पाणी आणले जाते. प्रमुख आभार मानतो, लोक आमेन म्हणतात. सर्वांना वाटप होते, आणि जे येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी सेवक ते पोचवतात. ज्यांना परवडते ते स्वेच्छेने पैसे देतात, आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले आणि परगावाहून आलेले यांची सोय होते.

आता तुम्ही पाहिलेला क्रम याच्याशेजारी ठेवून पाहा. वाचन, प्रवचन, प्रार्थना, भाकर, दान. जवळपास १,९०० वर्षांत फार काही हललेले नाही. या सगळ्याआधी आमच्याकडे पापकबुली असते. सगळे मिळून, डोके खाली घालून, आपण काय चुकलो ते देवापुढे मान्य करतात. देवाला जे वाहायचे ते जसे आहे तसेच पुढे ठेवायचे, म्हणून ही कबुली सुरुवातीलाच येते.

सगळ्या ख्रिस्ती पंथांत ही पद्धत एकसारखी दिसत नाही. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये धूप असतो, पवित्र चित्रे असतात, लोक बराच वेळ उभेच असतात. पेंटेकॉस्टल मंडळीत हात उंचावून, टाळ्या वाजवून, मोठ्याने प्रार्थना होते. क्वेकर लोकांच्या पारंपरिक सभेत तर ना पाद्री, ना गाणे. सगळे गप्प बसतात, आणि कोणाला आतून काही सांगावेसे वाटले तर तो उठून बोलतो. बाह्य रूपात इतका फरक असूनही हे सगळे एकाच देवापुढे बसलेले असतात, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा एकाच देवापुढे.

प्रश्न : मला पाव आणि रस का दिला नाही? मी परकी म्हणून?

उत्तर : हे वाचून मला वाईट वाटले, कारण कोणीतरी तुम्हाला आधी सांगायला हवे होते. आपल्याकडे प्रसाद दारात आलेल्या प्रत्येकाला मिळतो. तो नाकारणे म्हणजे माणसाला नाकारणे. म्हणून तुम्हाला लागले असेल तर ते साहजिक आहे.

पण प्रभुभोजन हे प्रसादापेक्षा लग्नातल्या सप्तपदीच्या जास्त जवळचे आहे. मांडवात शंभर जण असतात, सगळ्यांचे स्वागत असते, पण सात पावले दोघेच चालतात. त्या पावलांत शब्द दिलेला असतो. येशूने पकडले जाण्याच्या रात्री शिष्यांबरोबर जेवताना भाकर मोडली आणि हे आपले शरीर आहे असे सांगितले, प्याला देऊन हे आपले रक्त आहे असे सांगितले, आणि आपल्या आठवणीसाठी हे करत राहायला सांगितले. ती भाकर हातात घेणारा माणूस त्या मृत्यूत आणि त्या जीवनात आपण सामील आहोत असे जाहीर करतो. ज्याने असा शब्द दिलेला नाही, त्याच्या हातात ती न विचारता ठेवणे हा त्या माणसाचाही आदर नव्हे. म्हणून अगदी आरंभीच्या काळापासून ती सहसा बाप्तिस्मा झालेल्यांनाच दिली जाते.

कॅथलिक चर्चमध्ये तुम्हाला पाव दिसला नसता. तिथे पापडासारखी पातळ, पांढरी, गोल चकती असते. गव्हाचे पीठ आणि पाणी, एवढेच, खमीर नाही. द्राक्षारसाच्या प्याल्यात फादर थोडेसे पाणी घालतात. मिस्सात, म्हणजे कॅथलिक उपासनेत, ती भाकर खरोखर ख्रिस्ताचे शरीर होते, अशी कॅथलिकांची श्रद्धा आहे. बरेच प्रोटेस्टंट तिला त्याच्या मृत्यूचे स्मरण मानतात, काही जण ख्रिस्त तिथे आत्मिक रीतीने हजर असतो असे मानतात. १५२९ साली जर्मनीतल्या मारबुर्ग गावी मार्टिन लूथर आणि झ्विंग्ली याच प्रश्नावर समोरासमोर बसले. १५ कलमांपैकी १४ जुळली, अडले ते या भाकरीवर. त्याची किंमत आम्ही आजही मोजतो. वसईला माझ्या कॅथलिक मित्राच्या घरच्या लग्नात मी मिस्साला बसतो, सगळी प्रार्थना त्यांच्याबरोबर म्हणतो, आणि भाकरीच्या वेळी जागेवरच थांबतो. तुम्हाला त्या रविवारी जे वाटले, ते मलाही ठाऊक आहे.

प्रश्न : वांद्र्याच्या मोत माउलीला मी स्वतः गेले आहे. तिथे तर मूर्ती आहे, मेणबत्त्या आहेत, नवस आहेत. मग ती पूजा नव्हे का?

उत्तर : सप्टेंबरात वांद्र्याच्या टेकडीवर जाणाऱ्या प्रत्येकाला हे दिसते. ८ सप्टेंबर हा मरियेचा जन्मदिन, त्यानंतरच्या रविवारी जत्रा सुरू होते. रस्त्याच्या कडेला मेणाचे हात, पाय, बाळे, घरे विकायला असतात. ज्याचे जे दुखणे, त्याने ते वाहायचे. तिथे कोळी बायका असतात, गुजराती असतात, तुमच्या-माझ्यासारखे घाटावरचेही असतात.

कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स परंपरेने याबद्दल दोन वेगळे शब्द ठरवले आहेत. लात्रिया, म्हणजे उपासना, ती फक्त देवाची. दुलिया, म्हणजे आदर, तो संतांचा. मरियेला संतांपेक्षा मोठा मान, पण तोही मानच, उपासना नव्हे. इ.स. ७८७ मध्ये नायसिया इथे भरलेल्या धर्मसभेने सांगितले की चित्राला दिलेला मान त्या चित्रात जो आहे त्याला पोचतो. आपण आईच्या तसबिरीला हार घालतो, तेव्हा काचेला हार घातला असे कोणी म्हणत नाही. मरियेपुढे मेणबत्ती लावणारा कॅथलिक तिला, माझ्यासाठी तू देवाकडे शब्द टाक, असे म्हणत असतो.

प्रोटेस्टंटांना हा भेद पटला नाही. साध्या माणसाच्या मनात मान कुठे संपतो आणि उपासना कुठे सुरू होते हे कोण पाहणार, असे त्यांचे म्हणणे. झुरिच शहरात १५२४ साली चर्चमधल्या मूर्ती आणि चित्रे उतरवण्यात आली. तुम्ही ज्या चर्चमध्ये बसलात तिथल्या कोऱ्या भिंतींचा उगम तिकडे आहे. मी त्याच कोऱ्या भिंतींच्या परंपरेतला. तरी वांद्र्याला एक बाई मेणाचे बाळ दोन्ही हातांत धरून रांगेत उभी होती, तिच्यापुढे उभे राहून लात्रिया-दुलिया समजावून सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. तिचे गाऱ्हाणे कुठे पोचवायचे हे देव जाणतो.

प्रश्न : गाणी अभंगासारखी वाटली. हे मुद्दाम केलेले आहे का?

उत्तर : वाटली नाहीत, ते अभंगच असणार. बहुतेक नारायण वामन टिळकांचे. रेव्हरंड टिळकांचा जन्म १८६१चा, बाप्तिस्मा १८९५चा. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. त्यांच्याआधी मराठी चर्चमध्ये इंग्रजी-अमेरिकन चालीवरची गीते पुष्कळ गायली जात. शब्द मराठी, पण चाल परकी. लोक म्हणत, पण त्यात जीव रमत नसे. टिळकांनी अभंग, ओवी, पदे लिहिली. आज मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांत 'उपासना संगीत' हे पुस्तक सर्रास वापरतात, त्यात त्यांची पुष्कळ गीते आहेत. त्यांच्या संसाराची आणि धर्मांतराने त्यात झालेल्या उलथापालथीची हकीकत त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त आहे. तुम्ही शिक्षिका, ते तुम्ही वाचलेच असेल.

टिळकांच्या फार आधी गोव्यात हे घडले होते. इंग्लंडहून आलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी ओवीत 'क्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ साली रायतूर इथे छापले गेले. पुराणे ऐकत वाढलेल्या नवख्रिस्ती लोकांना त्यांच्या कानाला ओळखीच्या छंदात ख्रिस्तकथा हवी होती. ती त्या परदेशी माणसाने दिली, आणि देताना मराठीचे तोंडभरून कौतुक केले.

कॅथलिक मिस्सा मात्र पुढेही साडेतीन शतके लॅटिनमध्येच राहिला. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषांना वाट मोकळी केली. १९६९ साली भारतातल्या चर्चला १२ गोष्टींची परवानगी मिळाली. पादत्राणे बाहेर काढणे, हात जोडून नमस्कार, पंचांग प्रणाम, मेणबत्तीऐवजी तेलाची समई, आरती हे सगळे त्यात आहे. तुम्ही 'आरती नाही' असे लिहिले आहे. वसईच्या एखाद्या चर्चमध्ये सणाच्या दिवशी गेलात तर कदाचित तीही दिसेल.

याला नक्कल म्हणू नये असे मला वाटते. माणूस ज्या भाषेत रडतो त्याच भाषेत त्याला प्रार्थना करता आली पाहिजे. उसन्या भाषेत देवापुढे गेलेला माणूस अर्धा बाहेरच राहतो.

प्रश्न : पूजेच्या मध्येच पैशाची थैली का?

उत्तर : जस्टिनने सांगितले ते वर आलेच : विधवा, अनाथ, आजारी, कैदी, परगावचे. दान हा उपासनेचा भाग आहे तो यासाठी. घराघरांत याच्या किती सुंदर रीती आहेत! मिझोरामच्या ख्रिस्ती घरांत बाई भात शिजवायला तांदूळ घेते तेव्हा त्यातला मूठभर वेगळ्या भांड्यात टाकते. 'बुहफाई थाम' म्हणतात त्याला. १९१० पासून ही रीत चालू आहे, आणि त्या मुठींतून मंडळीचे मोठे काम उभे राहते. चूल पेटवतानाच उपासना सुरू होते.

आमच्या नगर भागातल्या खेड्यांत सुगीच्या वेळी सण असतो. लहानपणी मी पाहिले आहे : वेदीपुढे ज्वारीची कणसे, भोपळे, अंड्यांची टोपली, पाय बांधलेली कोंबडी. प्रार्थना संपली की बाहेर चिंचेखाली लिलाव. एकाच भोपळ्याची तीन वेळा बोली लागायची, कारण घेणारा तो पुन्हा चर्चलाच देऊन टाकायचा.

पण दानाबद्दल बायबल कठोरही आहे. आमोस हा तकोवा गावचा मेंढपाळ, उंबराची फळे राखणारा. ख्रिस्तपूर्व आठव्या शतकात त्याने देवाच्या नावाने सांगितले की गरिबाला तुडवून साजरे केलेले सण देवाला नकोत, त्या गाण्यांचा त्याला वीट आला आहे, त्याला न्याय हवा आहे, पाण्यासारखा वाहता. आणि येशूने सांगितले की वेदीपाशी दान घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे आठवले, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. थैली फिरते तेव्हा प्रत्येकाला हे आठवायला हवे.

प्रश्न : मग चर्चमध्ये जायलाच हवे का? घरी बसून उपासना होत नाही?

उत्तर : होते. बायबलमध्ये एका शोमरोनी बाईने विहिरीवर येशूला विचारले होते की उपासना या डोंगरावर करायची की यरुशलेमात. त्याने दोन्ही जागा बाजूला ठेवल्या आणि आत्म्याने व सत्याने करायची उपासना सांगितली. तरीही ख्रिस्ती माणूस रविवारी जमतो, कारण ख्रिस्त त्या दिवशी पुन्हा उठला, आणि भाकर एकट्याने मोडायची गोष्ट नाही. जो येऊ शकत नाही, त्याच्याकडे ती भाकर जाते.

माझी आजी शेवटचे वर्षभर अंथरुणाला खिळून होती. महिन्यातून एकदा पाळकसाहेब सायकलवर यायचे. त्यांच्याकडे एक छोटी लाकडी पेटी असे, त्यात दोन इवलेसे पेले, रसाची बाटली आणि फडक्यात गुंडाळलेली भाकर. आजी मला पत्र्याच्या ट्रंकेवर पांढरे धोतर अंथरायला लावी. एकदा सगळे मांडून झाले, प्रार्थना झाली, पाळकांनी भाकर हातात घेतली, आणि आजी म्हणाली, "थांबा साहेब." मग मला म्हणाली, "जा, धाकलीला बोलाव."

धाकली म्हणजे तिची जाऊ. विहिरीच्या पाळीवरून दोघींचे भांडण झाले होते आणि मला कळते तेव्हापासून अबोला होता. मी पळत गेलो. ती आली, पदर डोक्यावर घेऊन उंबऱ्याशीच उभी राहिली. दोघींतले कोणी माफीबिफी मागितली नाही. आजी एवढेच म्हणाली, "आत ये की. बैस." ती खाटेच्या कडेला बसली. पाळकांनी पुन्हा सुरुवातीपासून प्रार्थना केली, भाकर मोडली आणि आधी तिला दिली, मग आजीला. मी बारा वर्षांचा होतो. पूजा नेमकी कुठे झाली, असे मला कोणी विचारले तर मी त्या खोलीकडे बोट दाखवतो.

कॅथलिक लोक आपल्या उपासनेला मिस्सा म्हणतात. हा लॅटिन शब्द शेवटच्या निरोपातून आला आहे. उपासना संपली, आता जा, तुम्हाला पाठवले आहे, अशा अर्थाचा तो निरोप. साऱ्या विधीला नाव मिळाले ते घरी पाठवण्यावरून.

तर ताई, पुन्हा बोलावणे आले तर जरूर जा. चपला सगळे काढत असतील तर काढा, सगळे उभे राहतील तेव्हा उभ्या राहा. गुडघे टेकायची किंवा आमेन म्हणायची सक्ती नाही. भाकर येईल तेव्हा हात जोडून शांत बसा, त्यात अपमान काही नाही. आणि शेजारणीला विचारायचा संकोच सोडा. तीस वर्षांचा घरोबा आहे. तुम्ही विचारलेत तर तिला आनंदच होईल, आणि मी इतक्या लांबून दिलेल्या उत्तरापेक्षा तिचे उत्तर जास्त खरे असेल.